तिवर, निवटी व एक फसवें ‘म्हणून’



सहावीच्या किंवा सातवीच्या वर्गांत जाऊन, परिस्थितीशीं जुळलेल्या एखाद्या प्राण्याचें नांव सांगा असें विचारलें कीं साऱ्या बाकांवरून एकच उत्तर येतें : उंट. राजस्थानांतील मुलांनीं हें उत्तर दिलें तर तें शोभून दिसेल. परंतु ज्यांच्या मागील दारीं खाडीचें पाणी लागतें त्या कोंकणांतील मुलांनींहि उंटाचेंच नांव घ्यावें, याचें मला दर वर्षीं नवल वाटतें. बरें, ज्या उंटाविषयीं आपण इतक्या खात्रीनें बोलतों त्याच्या मदारींत पाणी सांठविलेलें असतें अशी अर्ध्या वर्गाची समजूत असते. वास्तविक तेथें चरबी असते. न पाहिलेल्या वस्तूविषयीं पाठ केलेलें ज्ञान असें फसवितें. तेव्हां उंटाला आपण त्याच्या वाळवंटांत सुखानें राहूं देऊं, आणि ओहोटीची वेळ पाहून खाडीकडे जाऊं. अनवाणी मात्र येऊं नका. मुळांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात.

प्रथम त्या जागेची स्थिति नीट ध्यानांत घेतली पाहिजे. कारण कोणत्या अडचणींत जीव राहतो हें कळल्यावांचून तो तेथें कसा राहतो हें कळावयाचें नाहीं. दिवसरात्रींत दोन वेळां भरतीचें पाणी येथें चढतें व दोन वेळां उतरतें. म्हणजे एकच जागा कांहीं तास समुद्राचा तळ असते आणि कांहीं तास उघडी जमीन. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. पण खाडीचें पाणी नेहमीं तितकेंच खारें असतें असेंहि नाहीं. श्रावणांत नदीचा लोंढा उतरला कीं तें जवळ जवळ गोडें होतें, आणि वैशाखांत तेंच पुन्हा समुद्राच्या तोडीचें खारट होतें. खालचा चिखल इतका बारीक व दाट, कीं त्यांत हवा शिरत नाहीं. काठीनें वीतभर उकरून पहा. काळाकुट्ट गाळ वर येईल आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटेल. ज्या सूक्ष्म जंतूंना प्राणवायु लागत नाहीं, त्यांच्या उद्योगाचा तो वास आहे. अशा जागीं आंब्याचें, फणसाचें किंवा नारळाचेंहि झाड लावून कोणी जगवून दाखवावें! तरी त्याच जागीं तिवर, कांदळ व चिपी यांचीं झाडें दाटीनें उभीं आहेत. त्यांना आपण एकत्रितपणें कांदळवन म्हणतों.

मिठाची अडचण नेमकी काय असते, हें समजण्यास प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघर पुरे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलें म्हणजे थोड्या वेळांत त्यांना पाणी सुटतें. बाहेर मीठ अधिक व आंत कमी, म्हणून फोडीच्या आंतील पाणी बाहेर ओढलें जातें. साध्या झाडाचें मूळ खाऱ्या चिखलांत घातलें तर त्याची गत त्या कैरीसारखीच होते. भोंवतीं पाणीच पाणी असून झाड तहानेनें वाळतें. कांदळाच्या मुळांची रचना अशी आहे कीं पाणी आंत घेतांना बहुतेक सारें मीठ बाहेरच अडतें. तिवराचीं मुळेंहि पुष्कळसें मीठ अडवितात. तरी जें आंत येतें तें पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकलें जातें. उन्हाळ्यांत दुपारीं तिवराचें पान निरखून पाहिलें तर त्यावर मिठाचे कण चमकतांना दिसतात. जिभेला लावल्यास खारट चव लागते. हा अनुभव मुलांना फार आवडतो; पण एक सूचना देतों ती विसरूं नका. खाडींत गेवा नांवाचें एक झाड असतें, त्याचें पान तोडल्यास पांढरा दुधासारखा चीक येतो. तो चीक विषारी असून डोळ्यांत गेल्यास दृष्टि जाण्याचें भय असतें. तेव्हां शिक्षकांनीं किंवा जाणत्या माणसानें तिवर ओळखून दिल्यावांचून कोणतेंहि पान तोंडाला लावूं नये.

आतां हवेची गोष्ट. मुळांनाहि श्वास लागतो हें आपल्या ध्यानांत राहत नाहीं, कारण शेतांतल्या भुसभुशीत मातींत त्यांना तो सहज मिळतो. येथें चिखलांत हवा नाहीं. तिवराच्या झाडाखालीं पाहिलें तर चिखलांतून शेंकडों बोटभर काड्या सरळ वर आलेल्या दिसतात, जणुं कोणीं पेन्सिली रोवून ठेवल्या आहेत. तीं मुळेंच होत. जमिनींत खालीं जाण्याऐवजीं तीं वर येतात, आणि ओहोटीच्या वेळीं त्यांवरील बारीक छिद्रांतून हवा आंत जाते. ती हवा आंतील पोकळ भागांतून खालच्या मुळांस पोंचते. चिपीचीं अशीं मुळें अधिक जाड व निमुळतीं असतात. कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या खोडापासून कमानीसारखीं मुळें निघून चिखलांत उतरतात. त्यांतून श्वासाची सोय होते आणि लाटांच्या माऱ्यांत झाडाला आधारहि मिळतो. (पांढऱ्या चिपीला महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला, हें जातां जातां सांगून ठेवतों. सामान्य ज्ञानाच्या परीक्षेंत उपयोगीं पडेल.)

कांदळाच्या झाडावर लोंबणाऱ्या लांब हिरव्या शेंगा तुम्हीं पाहिल्या असतील. शेंगा आपण म्हणतों खरे, परंतु त्या शेंगा नव्हेत. झाडावर असतांनाच बी रुजते व तिचा कोंब फळांतून बाहेर पडून वाढूं लागतो. वीतभर, क्वचित् हातभर लांब झाला म्हणजे तो गळून पडतो. ओहोटी असली तर कधीं कधीं तो चिखलांत तेथेंच उभा रुततो. भरती असली तर पाण्यावर तरंगत जातो व पुढें कोठें तरी गाळांत मूळ धरतो. भरतीनें वाहून जाणाऱ्या खाऱ्या जागीं उघडी बी रुजणें कठीण. आईच्या अंगावर वाढलेलें रोप मात्र आधींच अर्धी वाट चालून आलेलें असतें.

आणि निवटी! माशांमध्यें हिच्याइतका करमणुकीचा जीव दुसरा मीं पाहिलेला नाहीं. पुढच्या दोन परांवर रेटा देत ती चिखलावर सरपटते, शेपटीच्या झटक्यानें उडी मारते, प्रसंगीं मुळांवर चढून बसते. डोळे डोक्याच्या वर उंच. मधून मधून ती ते आंत ओढून घेते व ओले करून पुन्हा बाहेर काढते, अगदीं आपण पापणी लववितों तसें. पाण्याबाहेर ती श्वास घेते तो मुख्यतः अंगाच्या व तोंडाच्या आंतील ओल्या कातडीतून. शिवाय कल्ल्यांच्या पोकळींत ती पाणी धरून ठेवते. म्हणूनच अंग ओलें राहावें इतका चिखल तिला जवळ लागतो, आणि ती वरचेवर कुशीवर लोळतांना दिसते. कातडी सुकली कीं निवटीचा श्वास सुटला. तिला घर करण्यास चिखलांत बीळ असतें. कांहीं जातींचे मासे तर तोंडांत हवा भरून ती बिळाच्या आंतल्या पोकळींत नेऊन सोडतात, व त्या हवेंत त्यांचीं अंडीं वाढतात.

येथपर्यंतचा पाठ सर्वांना आवडतो, व बहुतेक वह्यांत तो चांगला उतरतो. अडचण याच्या पुढें आहे. चांचणी घेतली कीं उत्तरांत असें वाक्य येतें : “चिखलांत हवा मिळत नव्हती म्हणून तिवरानें आपलीं मुळें वर काढलीं.” किंवा, “पाण्याबाहेर राहतां यावें म्हणून निवटीनें कातडीतून श्वास घेण्यास सुरुवात केली.” व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. मार्कहि पुष्कळदां पुरे मिळतात. परंतु त्यांतील ‘म्हणून’ हा लहानसा शब्द साऱ्या विषयाचें खोबरें करतो. माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंति आहे कीं, उत्तरपत्रिका तपासतांना ह्या एका शब्दाखालीं लाल रेघ ओढीत जावी.

एका मुलीनें मागें वर्गांत उभें राहून विचारलें होतें, “सर, निवटीला गरज होती म्हणून ती बाहेर राहूं लागली. मग बांगड्याला जाळ्यांतून काढल्यावर गरज नसते काय? तो कां नाहीं शिकत?” त्यावर वर्ग हंसला. पण असा नेमका प्रश्न मीं थोडाच ऐकला आहे. बांगडा तोंड उघडें ठेवून सतत पोहत असतो, त्यामुळें त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहत राहतें. बाहेर काढला कीं कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात, व तो तडफडून मरतो. त्याची गरज निवटीपेक्षां शतपटीनें अधिक असते; पण गरजेनें कोणत्याहि जीवाला नवा अवयव फुटत नाहीं.

कोणी म्हणेल, एका जीवाला साधलें नाहीं तरी थोडें थोडें करून पुढील पिढ्यांस साधत असेल. फ्रान्समधील लामार्क ह्या विद्वानानें १८०९ सालीं जवळ जवळ असाच विचार मांडला होता. अवयवाचा उपयोग केला कीं तो वाढतो, आणि ती वाढ संततींत उतरते, असें त्याचें म्हणणें. तो सामान्य मनुष्य नव्हता. जीवजाति कालांतरानें बदलतात हें त्यानें धैर्यानें सांगितलें. परंतु बदलाची जी रीत त्यानें सांगितली ती टिकली नाहीं. घरचेंच उदाहरण घ्या. आपल्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे कान टोचले जात आहेत. तरी आजहि मूल जन्मास येतें तें कान न टोचलेलेंच. लोहाराचे दंड घणाच्या कामानें भरतात, पण त्याच्या तान्ह्या मुलाचे दंड इतर मुलांसारखेच असतात. आपल्यापैकीं कोणी लेहसारख्या उंच ठिकाणीं जाऊन राहिला तर कांहीं आठवड्यांत त्याच्या रक्तांत तांबड्या पेशी वाढतात. खालीं उतरून आला कीं त्या पुन्हा पूर्ववत् होतात. ही एका देहाची संवय झाली. जातीचें परिस्थितीशीं जुळणें ही निराळी गोष्ट आहे, आणि हे दोन अर्थ एकाच शब्दांत कोंबल्यामुळें मुलांचा घोटाळा होतो.

मग खरें उत्तर कोणतें? त्याकरितां खाऱ्या जमिनींतील भातशेतीकडे पहा. गोव्याच्या खाजण शेतांत कोरगुट नांवाचें जुनें भात आहे, तें खारें पाणी सोसतें. एखाद्या वर्षीं बांध फुटून खारें पाणी शेतांत शिरलें अशी कल्पना करा. सारींच रोपें एकसारखीं नसतात. बरींच करपतात, कांहीं तग धरतात. शेतकरी पुढील वर्षाकरितां बियाणें राखील तें कोणत्या रोपांचें? जीं उरलीं त्यांचेंच; मेलेल्यांना दाणाच आलेला नसतो. असें वर्षानुवर्षें होत गेलें कीं शेतांत खारें पाणी सोसणारीं रोपें अधिकाधिक होतात. यांत एकाहि रोपानें मीठ सोसण्यास ‘शिकून’ घेतलें नाहीं. जें सोसूं शकत होतें तें उरलें, व त्याचा गुण त्याच्या बियांत होता. रानांत बियाणें राखणारा शेतकरी नसतो. तेथें निवड परिस्थितीच करते. डार्विन व वॉलेस यांनीं ही कल्पना १८५८ सालीं जगापुढें ठेवली, आणि पुढील वर्षीं डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ही निवड कोणी डोळ्यांनीं पाहिली आहे काय, असें विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे. पाहिली आहे, व फूटपट्टीनें मोजलीहि आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस सुमारें १,००० किलोमीटरवर पॅसिफिक महासागरांत गॅलापागोस बेटें आहेत. त्यांपैकीं डॅफ्ने मेजर ह्या अगदीं लहान बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट ह्या पतिपत्नींनीं १९७३ सालापासून फिंच नांवाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांचा अभ्यास केला. पक्षी पकडावयाचा, पायांत कडें घालावयाचें, चोंचीचें माप घ्यावयाचें व सोडून द्यावयाचा, असें वर्षानुवर्षें. १९७७ सालीं तेथें पाऊस जवळ जवळ पडलाच नाहीं. पक्ष्यांनीं मऊ व बारीक बिया पहिल्यांदा खाऊन संपविल्या. मागें उरल्या त्या मोठ्या व कठीण. त्यांत विशेष कठीण फळ कोणतें होतें म्हणाल, तर आपल्या माळावरील सराट्याच्या, म्हणजे गोखरूच्या, एका भावंडाचें! ज्याचा कांटा आपल्या सायकलीच्या चाकांत शिरतो तोच हा वंश. तें फळ फोडण्यास जाड चोंच लागते. त्या बेटावरील एका जातीचे सुमारें १,२०० पक्षी वर्षाअखेर सुमारें १८० उरले. उरलेल्यांच्या चोंचीची सरासरी जाडी पूर्वीपेक्षां सुमारें अर्ध्या मिलिमीटरनें अधिक भरली. आणि त्यांचीं पिलें झालीं तींहि जाड चोंचीचीं झालीं.

नीट ध्यानांत घ्या : दुष्काळांत कोणत्याहि पक्ष्याची चोंच वाढली नाहीं. एकेका पक्ष्याचें माप होतें तेवढेंच राहिलें. बदलली ती त्यांच्या समुदायाची सरासरी. आणि ती बदलली मरणानें. अर्ध्या मिलिमीटरकरितां शंभरांपैकीं पंचाऐशीं पक्षी गेले. पुढें १९८३ सालीं तेथें अतोनात पाऊस झाला, बारीक बियांचें रान माजलें, आणि त्यानंतरच्या वर्षांत लहान चोंचीचे पक्षी अधिक तगले. म्हणजे ‘जाड चोंच चांगली’ असाहि कायमचा नियम नाहीं. ज्या वेळीं जें भक्ष्य, त्या वेळीं ती चोंच चांगली.

आतां आपल्या तिवराकडे परत येऊं. योग्य वाक्य असें होईल : “ज्या झाडांचीं मुळें थोडींफार वर येत होतीं तीं चिखलांत अधिक जगलीं व त्यांना संतति अधिक झाली; असें असंख्य पिढ्या होत होत आजचें तिवर झालें.” वाक्य लांब आहे खरें. मुलें म्हणतात, पाठ होत नाहीं. तरी तेंच लिहावें.

ह्या एका शब्दावर मी इतका अडून कां बसतों, तेंहि सांगतों. जीव गरजेप्रमाणें बदलतात असें एकदां मनांत बसलें, कीं खाडीचें काय वाटेल तें केलें तरी चालेल, आंतले जीव घेतील जुळवून, असें आपण निर्धास्तपणें म्हणूं लागतों. मोठीं माणसें असें बोलतांना मीं ऐकलीं आहेत, आणि त्यांनीं तें शाळेंतच ऐकलें असलें पाहिजे. वस्तुस्थिति निराळी आहे. तिवराचीं श्वासाचीं मुळें बोटभर उंचीचीं असतात, कारण रोज दोन वेळां पाणी उतरून तीं उघडीं पडतात. खाडीच्या तोंडाशीं भराव घालून पाणी आंत कोंडलें व तीं मुळें आठवडेच्या आठवडे बुडून राहिलीं, तर झाड गुदमरतें आणि उभ्या उभ्या वाळतें. भरती अजिबात बंद केली तर चिखल सुकतो व निवटी नाहींशी होते. ज्या गुणांवर तीं येथें जगतात तेच गुण त्यांना दुसरीकडे जगूं देत नाहींत. नवा गुण समुदायांत येण्यास तो कोणाच्या तरी अंगीं आधींच असावा लागतो, आणि पुष्कळ पिढ्यांचा अवकाश लागतो. तिवराला झाड होण्यास वर्षें लागतात. मातीचा भराव महिन्याभरांत पुरा होतो.

खारबांध घालून व उघाड्या बसवून आपल्या वाडवडिलांनीं भात पिकविलें, त्यांना नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांनीं खाडीचा कांहीं भाग घेतला व कांहीं तिच्याकडे ठेवला. अलीकडील भराव तसा हिशेब ठेवीत नाहींत. मुंबई उच्च न्यायालयानें १७ सप्टेंबर २०१८ रोजीं निर्णय देऊन, सार्वजनिक हिताचीं अत्यावश्यक कामें वगळतां, राज्यांतील कांदळवनें तोडण्यास बंदी केली, आणि त्यांच्या भोंवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यांतहि बांधकामास मनाई केली.

सुटींत करण्याजोगे दोन प्रयोग देऊन ठेवतों. पहिला : तीन करवंट्यांत माती घालून प्रत्येकींत दहा दहा मूग पेरा. एकीस साधें पाणी घाला, दुसरीस लिटरभर पाण्यांत लहान चमचाभर मीठ विरघळवून तें घाला, तिसरीस सात चमचे मिठाचें. किती मूग रुजले व कोणते केव्हां वाळले, तें रोज लिहा. दुसरींतल्या दहांची गत एकसारखी होते काय, इकडे विशेष लक्ष द्या. दुसरा प्रयोग : पावसाळ्याच्या सुमारास कांदळाखालीं गळून पडलेल्या वीस ‘शेंगा’ गोळा करून त्यांची लांबी मापा. झाडावरच्या तोडूं नका. मापें झाल्यावर त्या पुन्हा ओहोटीच्या चिखलांत, टोंक खालीं करून, उभ्या रोवून या व जागेवर खूण ठेवा. दोन्ही प्रयोगांचे आंकडे वहींत लिहून शाळा उघडल्यावर आणावे. कोणाची शेंग सर्वांत लांब, कोणाची सर्वांत आंखूड, आणि पावसाळा संपतां संपतां त्यांतल्या कोणत्या उभ्या राहिल्या, तें आपण फळ्यावर मांडून पाहूं.